जुळणी

माझं काम एवढंच: पेल्यात पाणी किती होतं ते लिहून ठेवायचं.
सिगारेट किती जळली, कोट कुठल्या खांद्यावर,
कुठल्या शब्दाला कोण उठलं.
आमच्या धंद्यात याला जुळणी म्हणतात.
लग्नाची नव्हे. तुकड्याला तुकडा लागण्याची.

बातुमी, डिसेंबर, बंद पडलेलं हॉटेल,
तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली,
दोन माणसं, एक टेबल, ताटलीत सहा संत्री.
समुद्र चित्रात नको होता म्हणून पडदा ओढलेला.
आवाज मात्र येतच राहिला.

सिनेमात तो सतरा वर्षांनी परत येतो.
सिनेमाबाहेर एकोणीस.
हे सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांची तोंडं शिवलेली.
चहावाला गोगीसुद्धा दोन पेले
टेबलाच्या दोन टोकांना ठेवायचा, हलक्या हाताने,
जसं काही मधे मूल झोपलंय.

एतेरी संवाद कोरडे म्हणायची.
"कडी घातलीस का?"
ओतिया म्हणायचा, "नाही. मी थांबणार नाहीये."
पहिला टेक. दुसरा.
चौथ्यात संत्र्याची साल तिच्या नखाखाली तुटली.
मी लिहिलं: साल, दोन तुकडे, डावीकडे.
सातव्यात त्याने तिला भलत्याच नावाने हाक मारली.
म्हणजे खऱ्या. खऱ्याच्याही आतल्या,
पासपोर्टवर नसतं त्या.
"कट," दिग्दर्शक म्हणाला, "पुन्हा."
कुणी हसलं नाही.
ध्वनीवाल्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले,
गरम भांडं ठेवावं तसे, बेताने.
मी पेन्सिल टेकवली, उचलली.
तो रकाना अजून कोरा आहे.

जेवणाच्या सुट्टीत तो जिन्यात बसला, ती खोलीत, भिंतीकडे तोंड करून.
ताटं मीच उचलली, गोगीची पाठ धरली होती.
दोघांनीही वांग्यावरचे डाळिंबाचे दाणे
कडेला काढून ठेवलेले, एक ना एक.
दोन मजल्यांवरची दोन ताटं, आणि खोड एकच.
कुणाची कुणाला लागली असेल?
माझा नवरा कुताइसीला सुटला त्याला आठ वर्षं झाली,
मी अजून चहात साखर घालून ढवळत नाही.
असो.

अकरावा टेक.
कागदावर एवढंच: ती दार उघडते, म्हणते "जा", तो जातो.
तिने दार उघडलं.
मग परत आली, तीन पावलं, जी कुठेच लिहिलेली नव्हती,
आणि त्याच्या गळ्याचं वरचं बटण लावलं.
प्रेमाने नाही. रागानेही नाही.
थंडीत बाहेर पडणाऱ्याचं लावतात तसं,
डोळे दुसरीकडे ठेवून, बोटांना पाठ असल्यासारखं.
"जा."

तो गेला नाही.
कॅमेऱ्याची घरघर. पडद्यामागे समुद्र.
दिग्दर्शकाचा हात वर गेला होता तो तसाच हवेत.
माझ्या डोक्यात एकच: दहाव्यात बटण उघडं होतं,
हे काही केल्या लागणार नाही.
आणि ओतियाने, चाळीस वर्षं या धंद्यात मुरलेल्या माणसाने,
हात वर नेला,
तिच्याकडे बघत बटण उघडलं,
आणि निघून गेला.

"जुळतं?" दिग्दर्शकाने मला विचारलं.
एतेरी दाराशीच होती, मूठ छातीशी,
मुठीत काहीच नव्हतं.
"जुळतं," मी म्हणाले.

रात्री सामान बांधताना संत्री मोजली, पाच भरली.
आणि दाराबाहेर दिवा धरून उभा असलेला
तो आजरियाचा पोरगा, बादुर,
वायरी गुंडाळता गुंडाळता, कुणी विचारलं नसताना म्हणाला,
तो बाहेर येऊन बराच वेळ उभा होता, बाई.
बटण लावत होता.
लागत नव्हतं.